पागा, रिंगण आणि पॅडॉक : अश्वांसाठीच्या आवारांचे अर्थ व उपयोग

सारांश

घोड्यासाठी आखलेल्या जागेला मराठीत एकच एक नाव नाही. पागा, तबेला, ठाण, दावण, कुरण, कोंडवाडा, मैदान, रिंगण असे अनेक शब्द या जागांसाठी वापरले गेले आणि शर्यतींच्या निमित्ताने 'पॅडॉक' हा शब्द त्यांत येऊन मिळाला. प्रस्तुत लेखात या शब्दांची व्युत्पत्ती, त्यांमागील व्यवहार आणि आजच्या काळातील त्यांचा कायदेशीर व सामाजिक अर्थ यांचा परामर्श घेतला आहे. आवाराचा अर्थ त्याच्या कुंपणावरून ठरत नसून, तेथे घोडा कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याला कोण पाहत आहे यावरून ठरतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : पागा, तबेला, पायगा, शिलेदार, रिंगण, पॅडॉक, अश्वशर्यत.

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात युसूफ वडगाव हे गाव आहे. लगतचे अंबाजोगाई हे या परिसरातील मोठे ऐतिहासिक शहर. निजामी राजवटीत अंबाजोगाई 'मोमिनाबाद' या नावाने ओळखले जाई आणि हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाची छावणी तेथे होती. १९०३ साली ही फौज हिंदी लष्करात विलीन झाली. आज या भागात घोडा दिसतो तो प्रामुख्याने लग्नाच्या वरातीत, धनगरांच्या वाड्याबरोबर ओझे वाहताना किंवा पंढरीच्या पालख्यांपुढे चालताना. घोडा दैनंदिन जीवनातून दूर गेला. मात्र त्याच्या आवाराशी जोडलेली भाषा टिकून राहिली. आपण आजही गैरप्रकारांना 'पायबंद' घालतो, खर्चाला 'लगाम' लावतो आणि कसोटीचा क्षण जवळ आला की 'घोडामैदान जवळच आहे' असे म्हणतो. हे शब्दप्रयोग कोणत्या व्यवहारातून आले, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचा पूर्ण अर्थ उलगडत नाही.

उद्दिष्टे

१) अश्वांच्या आवारांसाठी वापरल्या जाणाऱ्या मराठी शब्दांचे अर्थ व उगम स्पष्ट करणे.
२) या आवारांचे उपयोग कार्यानुसार वर्गीकृत करणे.
३) शर्यतीच्या संदर्भात आवाराला प्राप्त झालेले सामाजिक व कायदेशीर महत्त्व विशद करणे.

अभ्यासपद्धती

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. शब्दांची व्युत्पत्ती, प्राचीन ग्रंथांतील व बखरींतील उल्लेख, कायद्यातील तरतुदी आणि रूढ परंपरा यांचा एकत्रित विचार केला आहे. आवाराच्या उपयोगांची मांडणी चार कार्यांनुसार केली आहे : घोडा बांधणे, घोडा मोकळा सोडणे, घोडा पारखणे आणि घोडा धावविणे.

१. बांधण्याची जागा : दोरीपासून इमारतीपर्यंत

'तबेला' म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर छप्पर आणि भिंती येतात. हा शब्द फारसीतील 'तवीला' या शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ जनावरे बांधण्याची लांब दोरी असा आहे. मराठीतील 'दावण' हा शब्दही संस्कृत 'दामन्', म्हणजे दोरी, याच्याशी नाते सांगतो. एका आडव्या दोरीला ओळीने जनावरे बांधली की ती दावण होते. त्यासाठी भिंतीची आवश्यकता नसते. दोन वेगळ्या भाषाकुलांतून आलेले हे दोन शब्द एकाच गोष्टीकडे निर्देश करतात. घोड्याचे पहिले आवार म्हणजे दोरी होय. इमारत नंतर आली.

फिरत्या सैन्याच्या दृष्टीने हे स्वाभाविकच होते. घोड्याच्या पुढच्या बाजूस बांधावयाची ती अगाडी, मागच्या पायांना बांधावयाची ती पिछाडी, आणि पाय जखडणारा तो पायबंद. मेखा ठोकून अगाडी-पिछाडी लावली की उघड्या माळावरही घोड्याचे 'ठाण' तयार होई. 'ठाण' हे 'स्थान' या शब्दाचेच रूप. धनगरांचा फिरता वाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कुंपणाविना राखलेल्या घोड्याची ही रीत अपरिचित वाटणार नाही.

याउलट 'अस्तबल' हा अरबीतून आलेला शब्द लॅटिन मूळ असलेला असून तो स्थिर वास्तूचा निर्देश करतो. संस्कृतात अशा वास्तूला अश्वशाला, वाजिशाला किंवा मंदुरा अशी नावे आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात अश्वशालेची तपशीलवार रचना सांगितली आहे. शालेची लांबी घोड्यांच्या संख्येनुसार असावी, रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट असावी, चार बाजूंना दारे असावीत आणि मध्यभागी घोड्याला लोळण्यासाठी जागा असावी, असे तेथे म्हटले आहे. प्रत्येक घोड्याच्या जागेवर गुळगुळीत फळ्यांची जमीन, वैरणीसाठी कप्पा आणि मलमूत्र वाहून जाण्याची सोय यांचाही निर्देश आहे. मध्यभागातील ती मोकळी जागा लक्षणीय आहे. घोडा सतत बांधून ठेवता येत नाही. त्याला अंग मोकळे करण्यास, लोळण्यास आणि वळण्यास जागा लागते, हे ज्ञान या रचनेत अंतर्भूत आहे. बंदिस्त वास्तूच्या पोटात मोकळे आवार ठेवण्याची ही कल्पना पुढे चर्चिलेल्या पॅडॉकच्या कल्पनेच्या जवळ जाते.

२. पागा : जागा, संस्था आणि मालकी

'पागा' हा शब्द फारसी 'पायगाह' या शब्दावरून आला. 'पाय ठेवण्याची जागा', त्यावरून 'दर्जा' आणि 'घोडे ठेवण्याचे ठिकाण' असे त्याचे अर्थविस्तार झाले. मराठी राज्यव्यवस्थेत या शब्दाने आणखी एक पाऊल टाकले. पागा म्हणजे केवळ घोडे बांधण्याची जागा न राहता ती राज्याच्या मालकीच्या घोडदळाची संज्ञा झाली.

सभासद बखरीतील वर्णनानुसार शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी व पाच हजारींवर एक पंचहजारी अशी उतरंड होती आणि या सर्वांवर सरनोबत असे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पावसाळ्यात लष्कर छावणीत येई. तेथे दाणा, वैरण, औषधे व घोड्यांसाठी निवारा यांची तजवीज आधीच करून ठेवलेली असे. दसऱ्यानंतर पुन्हा मोहीम निघे.

या व्यवस्थेत बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराचा घोडा सरकारी पागेतील असे, तर शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. बाहेरून पाहता दोघेही स्वारच. तथापि घोडा कोणत्या ठाणावर बांधला जातो यावरून माणसाचे राज्याशी असलेले नाते ठरत होते. घोडा लढाईत मेला तर बारगिराला पागेतून दुसरा घोडा मिळण्याची व्यवस्था होती. शिलेदाराच्या दृष्टीने घोडा गमावणे म्हणजे उपजीविकेचे साधनच गमावणे होय. आवाराचा अर्थ मालकीवरून ठरतो, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण मानता येईल. मोमिनाबादच्या छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातही शिलेदारी पद्धत चालू होती, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

याच 'पायगाह' शब्दाला हैदराबाद संस्थानात वेगळे वळण लागले. निजामाच्या खास फौजेच्या खर्चासाठी एका सरदार घराण्याला जागिरी दिल्या गेल्या आणि ते घराणेच 'पायगा' या नावाने ओळखले जाऊ लागले. १९४९ साली जहागिरी रद्द होईपर्यंत या जागिरी अस्तित्वात होत्या. एकच शब्द मराठी मुलखात घोडदळाचे नाव झाला, तर निजामी मुलखात जागिरीचे व घराण्याचे नाव झाला. दोन्ही व्यवस्थांचा निकटचा इतिहास लाभलेल्या मराठवाड्यात हा अर्थभेद विशेष उद्बोधक ठरतो.

पागा संपल्या, तरी शब्द उरला. पागेचा हिशेब लिहिणारा तो पागनीस. हे आडनाव आजही प्रचलित आहे. पुण्यात पेशव्यांच्या खास पागेच्या जागेवर महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटीची, १८८४ साली स्थापन झालेली मुलींची शाळा उभी राहिली आणि ती 'हुजूरपागा' म्हणूनच प्रसिद्ध झाली. स्वारांच्या आवाराचे नाव स्त्रीशिक्षणाच्या संस्थेला मिळावे, ही शब्दाच्या प्रवासातील एक अर्थपूर्ण घटना आहे.

३. मोकळे सोडण्याची व अडविण्याची जागा : कुरण आणि कोंडवाडा

घोडा बांधल्यावर त्याला खरारा करावा लागतो, चंदी द्यावी लागते, तोबरा भरावा लागतो. मोकळा सोडल्यावर तो स्वतः चरतो, परंतु त्यासाठी राखलेली जमीन लागते. गवतासाठी राखलेल्या अशा जमिनीला 'कुरण' म्हणतात. कुरणाला भिंत असेलच असे नाही. ते 'राखीव' असते, म्हणजे त्यावरील हक्क ठरलेला असतो. गायरान ही गावाच्या सामाईक उपयोगाची जमीन, तर कुरण कोणाकडे तरी राखणीस असलेली जमीन, असा सर्वसाधारण भेद करता येईल.

याच्या विरुद्ध टोकाला 'कोंडवाडा' आहे. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर तेथे कोंडले जाते आणि दंड भरून सोडवून आणावे लागते. १८७१ च्या गुरे अतिक्रमण अधिनियमात 'गुरे' या संज्ञेखाली घोडे, घोड्या, तट्टे, शिंगरे व गाढवे यांचाही समावेश केलेला आहे. कुरण आणि कोंडवाडा या दोन्ही ठिकाणी जनावर दोरीशिवाय असते. एकात ते हक्काने चरते, दुसऱ्यात ते मालकाच्या अपराधापोटी अडकून पडते. म्हणजे येथेही भिंतीपेक्षा हक्काचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

४. पारखण्याची जागा : बाजार आणि पॅडॉक

इंग्रजीतील 'पॅडॉक' हा शब्द जुन्या इंग्रजीतील कुंपणवाचक शब्दापासून झाला असून 'पार्क' हा शब्दही त्याच्याच नात्यातील आहे. तबेल्यालगतचे लहान कुंपणबंद कुरण हा त्याचा रूढ अर्थ. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये कुंपण घातलेल्या कोणत्याही मोठ्या शेतालाही पॅडॉक म्हणतात. मोटारींच्या शर्यतीत संघांची वाहने व कर्मचारी जेथे थांबतात, त्या आवारालाही हेच नाव मिळाले आहे. अश्वशर्यतीच्या क्षेत्रात मात्र पॅडॉक म्हणजे शर्यतीपूर्वी घोड्यांवर खोगीर चढविण्याची व त्यांना प्रेक्षकांसमोर फिरविण्याची जागा.

या जागेत घडणारा व्यवहार असा असतो. मोतद्दार घोड्याला हाती धरून वर्तुळाकार फिरवितो. घोड्यावर त्याचा क्रमांक असतो. मालक, प्रशिक्षक व जॉकी मध्यभागी एकत्र येतात, अखेरच्या सूचना दिल्या जातात आणि जॉकी घोड्यावर स्वार होतो. कुंपणाबाहेर उभा असलेला प्रेक्षक घोड्याची कांती, चालीतील मोकळेपणा, अंगावरील घाम आणि स्वभावातील अस्वस्थता न्याहाळतो. प्रशिक्षकाला जे महिनोन्महिने दिसत असते, त्याचा काही अंश सर्वसामान्य माणसाला तेथे काही मिनिटे पाहावयास मिळतो. म्हणून पॅडॉक हे घोड्याला कोंडणारे आवार असण्यापेक्षा घोडा उघड करून दाखविणारे आवार होय.

महाराष्ट्रात हीच पारख घोड्यांच्या बाजारात शतकानुशतके होत आली आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहून वय ठरवितो, खूर उचलून पाहतो, अंगावरील भोवरे शुभ की अशुभ हे तपासतो आणि शेवटी घोडा चालवून, पळवून दाखविण्यास सांगतो. भोवऱ्यांचा विचार लोकसमजुतीचा भाग असला, तरी दात, खूर आणि चाल यांची तपासणी पूर्णतः व्यवहारनिष्ठ आहे. बाजारातील ही मोकळी पट्टी आणि रेसकोर्सवरील पॅडॉक यांचे कार्य एकच आहे. दोन्ही ठिकाणी पैसा हातातून सुटण्यापूर्वी डोळ्यांना संधी दिली जाते.

५. धावविण्याची जागा : वाह्याली, मैदान आणि रिंगण

कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'वाह्याली' या खास मैदानाचे वर्णन आहे. हत्ती व घोडे यांच्या कसरती आणि घोड्यावरून खेळावयाचा चेंडूचा खेळ तेथे होत असे. अंबाजोगाईचा प्रदेश त्या काळी याच राजवंशाच्या सत्तेखाली होता. राजाने पाहावे व राजाला पाहावे, असे दुहेरी प्रयोजन या मैदानाला होते.

आधुनिक रेसकोर्स ही ब्रिटिश काळातील देणगी होय. मुंबईत आरंभी भायखळा येथे शर्यती होत. महालक्ष्मी येथील रेसकोर्स १८८३ साली सुरू झाला. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या वतीने हिवाळी हंगाम मुंबईत आणि पावसाळी हंगाम पुण्यात भरविण्याची प्रथा पडली. रेसकोर्सवर घोड्यांची जशी आवारे असतात, तशी माणसांचीही असतात. सभासदांसाठी एक, तिकिटाच्या दरानुसार सर्वसामान्यांसाठी इतर, अशी प्रेक्षकांची विभागणी केली जाते. एकाच धावपट्टीकडे पाहणारा समाज कुंपणांनी स्तरबद्ध झालेला तेथे दिसतो.

पंढरीच्या वारीतील 'रिंगण' हे याच्या अगदी वेगळे आवार आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत दोन अश्व असतात. एकावर पताकाधारी स्वार असतो, तर दुसऱ्यावर, म्हणजे माउलींच्या अश्वावर, कोणीही बसत नाही. बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरकार यांच्याकडून हे अश्व येतात. तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण होते, तर पुढे माळशिरस तालुक्यात सदाशिवनगर, खुडूस आदी ठिकाणी गोल रिंगणे होतात. मध्यभागी पालखी, तिच्या भोवती दिंड्या, आणि माणसांच्या दोन कड्यांमध्ये राखलेल्या वाटेवरून अश्व दौडतात. दौड संपताच टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी वारकरी पुढे धावतात. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी बीड जिल्ह्यातून जाते आणि तिच्याही वाटेवर रिंगणे होतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई या मार्गाने पंढरपूरकडे जाते. त्यामुळे या परिसराला पालखीपुढील अश्व परिचित आहे.

रिंगणाला खांब नाहीत, तार नाही, तिकीट नाही. माणसे उभी राहिली की ते निर्माण होते आणि माणसे पांगली की विरून जाते. तेथे धाव आहे, पण पैज नाही. पुढे-मागे होणे आहे, पण हार-जीत नाही. आवाराचा सर्वांत शुद्ध अर्थ, म्हणजे जनसमुदायाने एका प्राण्यासाठी एकमताने मोकळी सोडलेली जागा, येथे प्रत्ययास येतो.

६. कायद्यातील आवार

आवाराचा विचार केवळ भाषिक कुतूहलाचा विषय नाही, हे कायदा पाहिल्यावर ध्यानात येते. १८८७ च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्यात जुगाराच्या व्याख्येतून अश्वशर्यतीवरील पैजेला अटींसह वगळले आहे. पैज शर्यतीच्या दिवशीच लावलेली असावी आणि १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखालील परवानाधारकाने त्यासाठी राखून ठेवलेल्या आवारात, अथवा शासनमान्य जागी, लावलेली असावी, या त्या अटी होत. म्हणजे तोच घोडा, तीच शर्यत आणि तीच रक्कम असली, तरी आवाराच्या आत जे कृत्य कायदेशीर ठरते, तेच गल्लीतील अनधिकृत अड्ड्यावर गुन्हा ठरते. येथे कुंपण हीच कायद्याची सीमारेषा आहे.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात अश्वशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, केवळ नशिबाचा नव्हे, असा निर्णय दिला. घोड्याची वंशावळ, त्याचे प्रशिक्षण व जॉकीचे कसब यांवर निकाल अवलंबून असतो, ही त्यामागील विचारसरणी. या निर्णयाच्या प्रकाशात पॅडॉकचे महत्त्व वाढते. पैज लावणाऱ्याचे कौशल्य मान्य करावयाचे, तर त्याला घोडा पाहण्याची संधी असली पाहिजे. तथापि पैज लावणारा प्रत्येक जण पॅडॉकच्या कठड्यापाशी उभा राहून पारख करतोच असे नाही. पारखीवाचून लावलेली पैज नशिबाच्या खेळाच्या जवळ जाते आणि कर्जबाजारी होणाऱ्या कुटुंबाला न्यायालयीन व्याख्येचा आधार मिळत नाही, ही मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न प्राण्याच्या हिताचा. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली आलेली बंदी, २०१७ सालची राज्याची कायदादुरुस्ती, डिसेंबर २०२१ मधील सर्वोच्च न्यायालयाची सशर्त परवानगी आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने उचलून धरलेली वैधता, या क्रमातून एक तत्त्व पुढे आले. शर्यत हवी असेल तर धावपट्टी, विश्रांतीची जागा व पशुवैद्यकीय तपासणी यांची जबाबदारी आयोजकांनी घेतली पाहिजे. पुणे जिल्ह्यातील 'घाट' आणि विदर्भातील 'पट' ही शर्यतीची आवारे आता केवळ परंपरेच्या नव्हे, तर नियमांच्या कक्षेत आली आहेत.

तिसरा प्रश्न जमिनीचा. महालक्ष्मी रेसकोर्सच्या सुमारे २११ एकर जागेचा भाडेपट्टा २०१३ साली संपला. त्यानंतर दीर्घ वादविवाद होऊन २०२४ साली सुमारे १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महानगरपालिकेकडे आणि सुमारे ९१ एकर जागा रेसकोर्ससाठी क्लबकडे, अशी विभागणी ठरली. महानगरातील मोकळी जागा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर घोड्याच्या आवाराच्या निमित्ताने शोधावे लागले. खेड्यातील कुरणे, गायराने आणि बाजारतळ यांच्याबाबतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. मुंबईतील जागेविषयी वर्तमानपत्रांत चर्चा झडते. गावच्या कुरणाविषयी क्वचितच झडते.

निष्कर्ष

१) 'पॅडॉक' या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द देणे उचित नाही. चरण्याची जागा असेल तेथे 'कुरण', पारखण्याची असेल तेथे 'फेरीचे आवार', असा कार्यानुसार शब्द योजावा. शर्यतीच्या संदर्भात रूढ झालेला 'पॅडॉक' स्वीकारण्यासही हरकत नाही.
२) तबेला व दावण या शब्दांवरून घोड्याचे मूळ आवार दोरीचे होते, हे स्पष्ट होते.
३) पागा व पायगा या शब्दांनी जागेपासून संस्थेपर्यंत आणि संस्थेपासून मालकीपर्यंत प्रवास केला. बारगीर व शिलेदार यांच्यातील भेद या मालकीवर आधारलेला होता.
४) बाजार व पॅडॉक ही पारखीची आवारे असून व्यवहारातील विश्वासाचा पाया तेथे घातला जातो.
५) रिंगण हे माणसांनी उभारलेले, पैजविरहित आणि सर्वांना खुले असलेले आवार आहे.
६) कायद्याने आवाराला वैध व अवैध यांमधील सीमेचे स्थान दिले आहे. त्यामुळे प्राण्याचे हित, पैज लावणाऱ्याचे हित आणि जमिनीचा सार्वजनिक उपयोग, या तिन्हींचा विचार आवाराच्या संदर्भात एकत्रितपणे करणे अगत्याचे आहे.

समारोप

घोड्याच्या आवाराचा इतिहास हा माणसाने स्वतःच्या सत्तेला, विश्वासाला आणि श्रद्धेला घातलेल्या मर्यादांचा इतिहास आहे. दोरीने बांधलेला, पागेत नोंदलेला, पॅडॉकमध्ये फिरविलेला आणि रिंगणात दौडणारा घोडा एकच. त्याच्याभोवतीची माणसे मात्र प्रत्येक वेळी वेगळ्या नात्याने उभी असतात. मराठवाड्यातील जुन्या छावण्या, पायगा जागिरी, यात्रेतील बाजारतळ आणि पालखीमार्गावरील रिंगणाच्या जागा यांची गावनिहाय नोंद करण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व भूगोल या विभागांनी एकत्रितपणे हाती घेतल्यास, शब्द माहीत असलेली आणि जागाही माहीत असलेली पिढी हयात असतानाच ही माहिती संकलित होऊ शकेल.